विश्लेषण : गाडी स्वतःचीच चावी ओळखेना! इमोबिलायझरच्या बिघाडात ‘ईसीयू बदलून बघू’ म्हणण्याआधी काय तपासायला हवे?

रात्री व्यवस्थित लावलेली गाडी सकाळी सुरूच होत नाही. डॅशबोर्डवर चावीचे किंवा कुलपाचे छोटे चिन्ह लुकलुकत राहते. गाडी टो करून सर्व्हिस सेंटरला पोहोचते आणि दोन दिवसांनी फोन येतो – ‘ईसीयू गेला असावा, बदलून बघावा लागेल.’ खर्च पाच आकडी, पण गाडी नक्की सुरू होईल का, याचे ठाम उत्तर कोणाकडेच नाही. चोराला अडवण्यासाठी बसवलेली यंत्रणा मालकालाच का अडवते, तिचे निदान इतके डळमळीत का असते आणि अशा वेळी ग्राहकाच्या हातात काय असते, याचा हा आढावा.

नेहमी काय घडते?

बहुतेक प्रकरणांत क्रम सारखाच असतो. समजा, सात-आठ वर्षे जुनी, वॉरंटी संपलेली गाडी एका पावसाळी सकाळी बंद पडली. तंत्रज्ञ स्कॅनर जोडतो, पडद्यावर इमोबिलायझरशी संबंधित कोड दिसतो. पहिला सल्ला मिळतो, ‘चावी खराब आहे, नवी मागवू.’ नवी चावी येते, प्रोग्रॅम होते, पण गाडी सुरू होत नाही. मग ‘बीसीएम बदलू’. तेही होते आणि दोन दिवसांनी तोच दिवा पुन्हा लुकलुकतो. शेवटी ‘आता ईसीयूच उरला’ असे सांगितले जाते.

या प्रत्येक टप्प्यावर बिल वाढते. बदललेला सुटा भाग खराब नव्हता हे नंतर लक्षात आले तरी तो सहसा परत घेतला जात नाही. कित्येकदा शेवटी दोष निघतो तो गंजलेल्या अर्थिंगच्या बोल्टमध्ये, उंदराने कुरतडलेल्या वायरमध्ये किंवा थकलेल्या बॅटरीत. म्हणजे दुरुस्ती स्वस्तातली असते, महाग पडतो तो अंदाज. आणि अंदाज चुकल्याचा भुर्दंड ग्राहकच भरतो.

इमोबिलायझर म्हणजे नेमके काय?

चावीच्या प्लॅस्टिकच्या मुठीत तांदळाच्या मोठ्या दाण्याएवढी एक चिप असते. तिला ट्रान्सपाँडर म्हणतात. या चिपला स्वतःचा सेल लागत नाही. चावी कुलपात घालून फिरवली की कुलपाभोवती बसवलेली तारेची गोल कॉइल, म्हणजेच अँटेना, साधारण १२५ किलोहर्ट्झ वारंवारितेचे चुंबकीय क्षेत्र तयार करते. त्या क्षेत्रातूनच चिपला ऊर्जा मिळते आणि ती गाडीशी बोलू लागते.

पुढचा संवाद क्षणार्धात होतो. गाडी चिपला एक आकडा पाठवते. चिप आपल्या गुप्त किल्लीच्या साहाय्याने त्याचे उत्तर तयार करते. उत्तर बरोबर असेल तर इमोबिलायझर युनिट इंजिनच्या ईसीयूला परवानगीचा सांकेतिक संदेश देते आणि मगच ईसीयू इंधन व स्पार्क सोडतो. उत्तर चुकले किंवा आलेच नाही, तर इंजिन सुरू होत नाही. काही गाड्यांत सेल्फ फिरतो पण इंजिन पेट घेत नाही, काहींत इंजिन सुरू होऊन एक-दोन सेकंदांत बंद पडते, तर काहींत सेल्फसुद्धा फिरत नाही.

बटन दाबून सुरू होणाऱ्या गाड्यांत तत्त्व तेच, फक्त चावी खिशातच राहते. गाडीतील अँटेना चावीला साद घालतात आणि चावी रेडिओ संदेशाने उत्तर देते. या उत्तरासाठी मात्र चावीतला छोटा सेल लागतो. तो संपला तरी मालक अडकून पडू नये म्हणून बहुतेक कंपन्यांनी आत साधी चिपही ठेवलेली असते. चावी स्टार्ट बटनाला टेकवून किंवा ठरवून दिलेल्या खाचेत ठेवून गाडी सुरू करता येते. ती जागा कोणती, हे मालकाच्या पुस्तिकेत दिलेले असते.

इतकी कडक व्यवस्था कशासाठी?

वायरी जोडून गाडी सुरू करण्याची जुनी युक्ती बंद पाडण्यासाठी. युरोपीय संघाने १९९८ पासून नव्या मोटारींत इमोबिलायझर सक्तीचा केला. ऑस्ट्रेलियाने २००१ मध्ये, तर कॅनडाने २००७ मध्ये तेच केले. त्यानंतर या देशांत गाड्या पळवण्याच्या प्रकारांत मोठी घट झाली.

इमोबिलायझर नसेल तर काय होते, हे अमेरिकेत दिसले. तेथे अशी सक्ती नव्हती. तेथील महामार्ग विमा संशोधन संस्थेच्या आकडेवारीनुसार, २०१५ च्या मॉडेलांपैकी ह्युंदाई आणि किया यांच्या केवळ २६ टक्के गाड्यांत इमोबिलायझर मूळ सुविधा म्हणून होता. इतर कंपन्यांत हे प्रमाण ९६ टक्के होते. या गाड्या यूएसबी केबलच्या टोकाने सुरू करता येतात, असे दाखवणारे व्हिडीओ समाजमाध्यमांवर पसरले आणि चोऱ्यांची लाट आली. अखेर फेब्रुवारी २०२३ मध्ये या कंपन्यांना सुमारे ८३ लाख गाड्यांसाठी मोफत सॉफ्टवेअर अद्ययावतीकरण जाहीर करावे लागले.

थोडक्यात, इमोबिलायझर हा गाडीमालकाचा शत्रू नाही. पण ‘शंका आली की इंजिन बंद’ हाच त्याचा नियम असल्याने साखळीतील कोणतीही कडी सैल झाली, तरी तो मालकालाही चोरासारखेच वागवतो.

बिघाड कुठे कुठे असू शकतो?

ही साखळी साधारण पाच कड्यांची आहे. चावीतील चिप, कुलपाभोवतीची अँटेना, इमोबिलायझर युनिट, वायरिंग आणि इंजिनचा ईसीयू. इमोबिलायझर युनिट काही गाड्यांत स्वतंत्र असते, काहींत बीसीएममध्ये, तर काहींत मीटरच्या पॅनलमध्ये सामावलेले असते. या सगळ्यांना वीज पुरवणारी बॅटरी आणि अर्थिंग ही सहावी कडी.

चावी हातातून पडून चिपला तडा जाऊ शकतो. मुठीचे प्लॅस्टिक तुटल्यावर बाजारात कव्हर बदलून घेताना चिप जुन्या कव्हरातच राहून जाते, हाही नेहमीचा घोळ. एकाच जुडग्यात दोन गाड्यांच्या चिपवाल्या चाव्या असतील किंवा चावीला धातूचे जाडजूड कीचेन असेल, तर संकेतात अडथळा येऊ शकतो.

बॅटरीचा दोष तर सर्वात फसवा. सेल्फ फिरताना ताण पडून व्होल्टेज फार खाली गेले, तर इलेक्ट्रॉनिक युनिट क्षणभर बंद पडतात किंवा त्यांचा आपापसातील संवाद तुटतो. स्कॅनरवर मात्र ‘इमोबिलायझरशी संपर्क नाही’ असा कोड उमटतो आणि सगळ्यांची नजर महागड्या युनिटकडे वळते.

पावसाळ्यात समोरच्या काचेखालच्या पाणी वाहून जाण्याच्या जागेत पालापाचोळा साचला, तर पाणी आत झिरपून कनेक्टरवर हिरवट गंज चढतो. बराच काळ एका जागी उभ्या असलेल्या गाडीत उंदीर वायरी कुरतडतात. बाहेरून बसवलेला अलार्म, जीपीएस ट्रॅकर किंवा म्युझिक सिस्टीमसाठी मूळ वायर कापून जोड दिलेला असेल, तर तो जोड काही वर्षांनी सैल होतो. या सगळ्या दोषांत दिवा तोच लागतो आणि कोडही बऱ्याचदा तोच येतो.

स्कॅनर काय सांगतो, काय सांगत नाही?

स्कॅनर लावला म्हणजे दोष कळला, हा मोठा गैरसमज आहे. कोड म्हणजे गाडीने केलेली तक्रार, निदान नव्हे. ‘पोट दुखते’ ही रुग्णाची तक्रार असते. अपेंडिक्स काढायचे की नाही, हे तपासण्यांनंतर ठरते. इथेही तसेच आहे.

सर्वसाधारण कोडपैकी ‘पी ०५१३’ हा कोड ‘चुकीची इमोबिलायझर चावी’ एवढेच सांगतो. चावी खरोखर चुकीची आहे, तिची चिप फुटली आहे, अँटेनाची कॉइल तुटली आहे की अँटेनाला वीजच मिळत नाही, हे त्यात नसते. ‘यू’ अक्षराने सुरू होणारे कोड युनिटांमधील संवाद तुटल्याचे सांगतात. ‘यू ०१००’ म्हणजे इंजिनच्या ईसीयूशी संपर्क तुटला. पण ईसीयू मेला आहे की त्याच्याकडे जाणारी वायर, फ्यूज किंवा रिले गेला आहे, हे कोड सांगत नाही.

स्कॅनरचा खरा उपयोग त्यापुढे सुरू होतो. चांगल्या स्कॅनरवर चालू स्थितीची माहिती दिसते. चावी ओळखली गेली की नाही, किती चाव्या नोंदलेल्या आहेत, ईसीयूला परवानगी मिळाली की नाही, बॅटरीचे व्होल्टेज किती, हे सारे तपासता येते. सर्व युनिटांतील कोड नोंदवून घेणे, ते पुसणे आणि गाडी पुन्हा सुरू करून पाहिल्यावर कोणता कोड परत येतो हे पाहणे, ही निदानाची पहिली पायरी. महिनाभरापूर्वी बॅटरी बदलताना उमटलेला जुना कोडही स्मृतीत राहिलेला असू शकतो.

त्यानंतर मल्टीमीटरची पाळी येते. कोणतेही युनिट ‘गेले’ म्हणण्याआधी त्याच्या कनेक्टरवर वीज येते का, अर्थिंग पक्के आहे का आणि संवादाच्या तारा शाबूत आहेत का, हे मोजावेच लागते. बऱ्याच गाड्यांत युनिटांना जोडणाऱ्या कॅन नावाच्या दोन तारांमध्ये, बॅटरी सोडवलेली असताना, सुमारे ६० ओम रोध मिळायला हवा. तो १२० मिळाला तर कुठेतरी तार तुटल्याचा किंवा टोकाचा एक रोधक साखळीतून सुटल्याचा संशय घेतात. ही मोजणी काही मिनिटांची असते, पण त्यासाठी वायरिंगचा नकाशा वाचता येणारा माणूस लागतो.

सर्व्हिस सेंटरचे निदान डळमळीत का?

प्रत्येक वेळी फसवणूकच असते असे नाही. इमोबिलायझरचे दोष अनेकदा लपाछपी खेळतात. सकाळी दमट हवेत बंद पडलेली गाडी दुपारी सर्व्हिस सेंटरमध्ये सहज सुरू होते. दोष हजर नसताना तो मोजणार कसा?

दुसरे कारण कामाच्या पद्धतीत आहे. अधिकृत सर्व्हिस सेंटरची रचना ठरावीक सर्व्हिसिंग आणि सुटे भाग बदलण्याभोवती उभी असते. एकेक वायर तपासायला चार तास गेले, तर त्या चार तासांचे बिल ग्राहकाला पटवणे अवघड असते. सुटा भाग मात्र बिलात ठळक दिसतो. युनिट उघडून आतला एखादा घटक दुरुस्त करण्याची पद्धत तेथे सहसा नसते, थेट अख्खे युनिट बदलले जाते.

तिसरे म्हणजे ग्राहकाशी बोलणारा सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर आणि प्रत्यक्ष गाडीला हात लावणारा तंत्रज्ञ वेगवेगळे असतात. तंत्रज्ञाने ‘ईसीयूला वीज मिळते का, बघायला लागेल’ असे म्हटलेले असते आणि ग्राहकापर्यंत ‘ईसीयू गेला’ एवढेच पोहोचते.

‘बदलून बघू’ इथेच सर्वात महाग का पडते?

बल्ब किंवा रिले बदलून बघता येतो. दुसऱ्या गाडीतला काढून लावला, चालला तर ठीक, नाही तर परत. ईसीयू आणि इमोबिलायझर युनिट यांचे तसे नसते. ते एकमेकांशी आणि चाव्यांशी सांकेतिक पद्धतीने जोडलेले असतात. तशाच दुसऱ्या गाडीचा ईसीयू आणून लावला तर तो ही गाडी ओळखतच नाही. त्यामुळे चाचणीसाठी उसना भाग वापरणे बहुतेक मॉडेलांत जवळपास अशक्य होते.

नवा भाग मागवायचा तर आगाऊ रक्कम भरावी लागते. तो गाडीच्या चासी क्रमांकाशी आणि चाव्यांशी एकदा जोडला की अनेक मॉडेलांत दुसऱ्या गाडीला लावता येत नाही. त्यामुळे विक्रेता तो परत घेत नाही. म्हणजे इथे ‘बदलून बघणे’ ही तपासणी नसतेच, ती खरेदी असते. ज्या दुरुस्तीत अंदाज सर्वात महाग पडतो, तिथेच अंदाजाने काम करण्याचा मोह सर्वात जास्त असतो.

गाडी टो करण्याआधी काय पाहावे?

दुसरी चावी वापरून पाहावी. ही सर्वात स्वस्त आणि सर्वात निर्णायक चाचणी. दुसऱ्या चावीने गाडी सुरू झाली, तर दोष जवळजवळ नक्की पहिल्या चावीत आहे. दोन्ही चाव्यांनी होत नसेल, तर दोन्ही चिप एकाच दिवशी बिघडण्याची शक्यता फार कमी. मग नवी चावी मागवण्याच्या सल्ल्यावर प्रश्न विचारायलाच हवा.

चावी जुडग्यातून सुटी करावी. मोबाइल, दुसऱ्या गाडीची चावी, धातूचे कीचेन दूर ठेवून प्रयत्न करावा. बटनाची गाडी असेल तर चावीचा सेल बदलावा आणि चावी पुस्तिकेत सांगितलेल्या जागी टेकवून पाहावी.

बॅटरी मोजावी. काही तास उभ्या असलेल्या गाडीत चांगली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२ म्हणजे ती निम्म्यावर आली. सेल्फ फिरताना व्होल्टेज ९.६ च्या खाली जात असेल, तर आधी बॅटरी आणि तिचे टर्मिनल यांचा बंदोबस्त करावा. जम्प स्टार्ट देऊन गाडी लगेच सुरू झाली, तर तीही महत्त्वाची खूण आहे.

दिव्याकडे नीट पाहावे. इग्निशन चालू केल्यावर इमोबिलायझरचा दिवा नेहमीसारखा विझत असेल आणि तरीही इंजिन पेट घेत नसेल, तर संशय इंधन पंप, क्रँक सेन्सर अशा इतर भागांवर जायला हवा. दिवा लुकलुकत राहिला तरच इमोबिलायझरच्या साखळीकडे वळावे.

आणि या सगळ्याचा मोबाइलवर व्हिडीओ करावा. दिवा कसा लागतो, सेल्फ फिरतो का, इंजिन किती सेकंदांत बंद पडते, हे त्यात दिसू द्यावे. गाडी सर्व्हिस सेंटरमध्ये शहाण्यासारखी वागली, तर हा व्हिडीओच साक्षीदार असतो. वारंवार सेल्फ मारत राहू नये. त्याने बॅटरी उतरते, शिवाय काही गाड्यांत चुकीच्या चावीचे अनेक प्रयत्न झाल्यास यंत्रणा काही काळ स्वतःला बंद करून घेते.

सर्व्हिस सेंटरमध्ये काय विचारावे?

जॉब कार्डवर तक्रार नेमक्या शब्दांत लिहून घ्यावी. ‘स्टार्टिंग प्रॉब्लेम’ एवढे पुरेसे नाही. ‘इमोबिलायझरचा दिवा लुकलुकतो, सेल्फ फिरतो, इंजिन पेट घेत नाही, दोन्ही चाव्यांनी तेच’ असे असावे. ‘लेखी मंजुरीशिवाय कोणताही भाग बदलू नये’ ही ओळही त्यावरच लिहावी.

निदानाचे शुल्क वेगळे ठरवावे. अनेकांना ‘नुसते बघायचे पैसे’ देणे जिवावर येते. प्रत्यक्षात तपासणीचे दीड-दोन हजार रुपये देऊन खरे कारण कळणे, हे साठ हजारांचा अनावश्यक भाग घेण्यापेक्षा कितीतरी स्वस्त आहे.

भाग बदलण्याचा सल्ला आला की चार प्रश्न विचारावेत. कोणते कोड आले आणि पुसल्यावर कोणते परत आले? या युनिटला वीज, अर्थिंग आणि संवादाच्या तारा मिळतात हे मोजले का, आकडे काय आले? चालू स्थितीच्या माहितीत चावी ओळखलेली दिसते का? आणि हा भाग बदलूनही गाडी सुरू झाली नाही, तर पैसे कोण सोसणार?

चौथा प्रश्न सर्वात कळीचा. ‘दोष याच भागात आहे’ असे सर्व्हिस सेंटर ईमेलवर लिहून द्यायला तयार असेल, तर निदानाला काही आधार आहे. तोंडी ‘नक्की होईल साहेब’ आणि लेखी ‘सांगता येत नाही’ असे असेल, तर तिथेच थांबणे शहाणपणाचे. स्कॅन अहवालाची प्रत, करासह लेखी एस्टिमेट आणि बदललेला जुना भाग मागून घ्यावा. वॉरंटीत बदललेला भाग कंपनीकडे परत जातो, पण ग्राहकाने पैसे मोजून बदललेल्या भागाबाबत आधीच बोलून ठेवलेले बरे.

डीलर आणि गाडीची कंपनी या सहसा दोन वेगळ्या संस्था असतात, हेही लक्षात ठेवावे. डीलर गोंधळलेला असेल, तर कंपनीच्या ग्राहक सेवेकडे चासी क्रमांकासह तक्रार नोंदवून तांत्रिक पथकाकडून तपासणीची मागणी करता येते. त्या मॉडेलसाठी रिकॉल किंवा मोफत दुरुस्तीची मोहीम निघाली आहे का, हे अनेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर चासी क्रमांक टाकून पाहता येते.

बाहेरच्या गॅरेजमध्ये जावे का?

वॉरंटी संपलेल्या गाडीसाठी दुसरे मत घेणे चुकीचे नाही. वायरिंगचा नकाशा हाताशी ठेवून मल्टीमीटरने काम करणारा जाणकार ऑटो इलेक्ट्रिशियन अशा दोषात अनेकदा जास्त उपयोगी पडतो. मोठ्या शहरांत ईसीयू उघडून दुरुस्त करणारे कारागीरही आहेत. मूळ युनिटच दुरुस्त झाले तर चाव्या पुन्हा जोडण्याचा खर्च बहुधा वाचतो.

सावध राहायचे ते तीन गोष्टींबाबत. रस्त्यावरचा चावीवाला दात कापून देतो, पण चिप प्रोग्रॅम केली नाही तर त्या चावीने दार उघडते, गाडी सुरू होत नाही. जुन्या बाजारातला ईसीयू स्वस्त मिळतो, पण त्यात दुसऱ्या गाडीची माहिती असते आणि तो चोरीच्या गाडीतला असण्याचा धोका असतो. तिसरा मार्ग म्हणजे सॉफ्टवेअर बदलून इमोबिलायझर कायमचा बंद करणे. याने गाडी सुरू होते, पण चोरासाठीही ती तितकीच सोपी होते आणि पुढे चोरीचा विमा दावा अडचणीत येऊ शकतो.

विमा आणि वॉरंटी उपयोगी पडते का?

नेहमीच्या मोटार विम्यात अपघात, आग, पूर, चोरी यांचे नुकसान येते. आपोआप झालेला यांत्रिक किंवा विद्युत बिघाड त्यातून वगळलेला असतो. त्यामुळे नुसता ईसीयू खराब झाल्याचा दावा सहसा मान्य होत नाही. चावी हरवली किंवा चोरीला गेली, तर त्यासाठी वेगळे पूरक संरक्षण मिळते. गाडी चोरीला गेल्यास विमा कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते, म्हणून बिघडलेली जुनी चावी फेकून देऊ नये.

वाढीव वॉरंटी असेल तर तिच्या वगळलेल्या भागांची यादी वाचावी. चावी, बॅटरी आणि बाहेरून बसवलेल्या उपकरणांमुळे झालेला दोष सहसा त्यात येत नाही. बाहेरचा अलार्म बसवताना मूळ वायर कापलेली आढळली, तर दावा नाकारायला कंपनीच्या हाती कारण मिळते.

निदान चुकले तर दाद कुठे मागायची?

चुकीच्या निदानावरून विनाकारण महाग भाग बदलायला लावणे, ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सेवेतील त्रुटी ठरू शकते. आधी डीलर आणि कंपनी यांना ईमेलने तक्रार करून उत्तरासाठी मुदत द्यावी. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. ही हेल्पलाइन न्यायनिवाडा करत नाही, पण कंपनीशी बोलून तोडगा काढण्याचा प्रयत्न करते.

तेवढ्याने भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. मोजलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असलेली प्रकरणे तेथे चालतात आणि ५ लाखांपर्यंत शुल्क लागत नाही. आता ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तेथील आयोगाकडेही तक्रार करता येते, ऑनलाइनही दाखल करता येते. मुदत आहे कारण घडल्यापासून दोन वर्षांची. अशा प्रकरणात कागदच बोलतो. जॉब कार्ड, स्कॅन अहवाल, ईमेल, बिले आणि खरा दोष शोधणाऱ्या दुसऱ्या तंत्रज्ञाचा लेखी अभिप्राय जवळ असेल, तर बाजू भक्कम होते.

बिलावर वाद असला तरी गाडी जबरदस्तीने बाहेर काढता येत नाही. श्रम आणि कौशल्य वापरून केलेल्या कामाचा मोबदला मिळेपर्यंत वस्तू रोखून धरण्याचा अधिकार भारतीय करार कायद्याच्या कलम १७० ने दिला आहे. गाडी तेथेच ठेवून भांडत बसल्यास काही ठिकाणी पार्किंगचे भाडेही लावले जाते. अशा वेळी ‘आक्षेप कायम ठेवून रक्कम भरत आहे’ असे लेखी नोंदवून गाडी ताब्यात घेणे आणि मग दाद मागणे, हा व्यवहार्य मार्ग.

दुरुस्तीची माहिती कंपन्यांच्याच हाती का?

प्रश्नाचे मूळ इथेही आहे. चावी जोडण्याची साधने, वायरिंगचे नकाशे आणि सुरक्षा संकेत कंपनीच्या अधिकृत जाळ्यातच अडकलेले असतील, तर ग्राहकाला दुसरे मत मिळणार कुठून? भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये याच मुद्द्यावर १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि निदानाची साधने स्वतंत्र गॅरेजनाही उपलब्ध करून द्यावीत, असे आयोगाने बजावले होते. कंपन्यांनी त्याविरुद्ध अपिले केली. पुढे २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एक पोर्टल सुरू केले. मोटारी हे त्यातील चार क्षेत्रांपैकी एक.

इथे एक खरा पेचही आहे. चावी जोडण्याची माहिती सर्वांना खुली केली तर ती चोरापर्यंतही पोहोचते. त्यामुळे सुरक्षा संकेत मालकीची खातरजमा करूनच दिले जावेत, हे रास्त आहे. पण वायरिंगचा नकाशा, तपासणीचा क्रम आणि युनिटची अपेक्षित मोजमापे लपवून चोरी थांबत नाही. त्याने फक्त निदान महाग होते.

तोपर्यंत गाडीमालकाने एवढे तरी करावे. दुसरी चावी चालू स्थितीत आहे का, हे दर दोन-तीन महिन्यांनी ती वापरून पाहावे. चावीसोबत सुरक्षा संकेताचा धातूचा किंवा प्लॅस्टिकचा बिल्ला मिळाला असेल, तर तो घरी जपून ठेवावा, गाडीत नव्हे. आणि सर्व्हिस सेंटरमधून ‘बदलून बघू’ असा फोन आला, की खर्च विचारण्याआधी ‘आतापर्यंत काय मोजले?’ हे विचारावे.